माजाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घंटा आहे. हल्ली मोटारसायकलच्या किल्लीशेजारी खुंटीला लटकून धूळ खाते. पण एके काळी माझा आवाज ऐकून माणसं वाट सोडायची!

चालबीच्या वाळवंटाकाठच्या आमच्या वस्तीत कट्टेलो आजोबांनी मला कोरलं. माज चढलेल्या उंटाच्या गळ्यात मला बांधत. तोंडाला फेस आला की उंट मालकालाही ओळखत नसे. मी वाजले की पोरंटोरं बाजूला पळत. माज उतरला की तोच उंट त्यांच्या हातचं मीठ चाटायचा. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

एके वर्षी मला गळ्यात बांधायच्या आधीच दिमा नावाच्या उंटाला माज चढला. तो शांत झाल्याशिवाय त्याच्याजवळ जायचं नाही, असं आजोबांनी बजावलं होतं. त्यांचा नातू एलेमा मला हातात घेऊन बसला होता. त्याचा होणारा मेव्हणा इसाको सगळ्यांसमोर म्हणाला, "काय भावजी, उंटाला घाबरलात? मग आमच्या ताईला काय सांभाळणार?"

एलेमा ताडकन उठला आणि मला दिमाच्या गळ्यात बांधायला एकटाच कुंपणाकडे निघाला. त्याची बहीण तलासो गुरांची डॉक्टर. ती आडवी आली.

"दादा, थांब! दिमाच्या रक्तात हार्मोन उसळलंय, तसंच तुझ्याही. ते धड विचार करू देत नाही. जरा ओसरू दे."

"सर बाजूला!"

आजोबांनी त्याच्या हातून मला काढून घेतलं आणि त्याच्याच गळ्यात बांधलं. "हं, जा आता."

तो तरातरा चालू लागला. मी खडखड वाजले. सवयीने पोरं किंचाळत पळाली. त्याचा लाडका भाचासुद्धा आईमागे लपला. ते पाहून एलेमा जागीच थबकला. त्याची छाती धपापत होती, आणि मी वाजतच होते. मग तो खाली बसला. हळूहळू मी गप्प झाले.

इतक्यात दिमाने कुंपणाचा खांब दातांत धरून कडाडकन मोडला. हसणारा इसाको पांढराफटक पडला.

"आजोबा," एलेमा म्हणाला, "कॉफी आहे का?"

आता एलेमाच आजोबा झाला आहे. घरात उंट उरले नाहीत. मित्रांनो, रक्त उसळलं की लगेच काही ठरवू नका, घटकाभर बसा. माझ्याही अंगावरची धूळ कधीतरी पुसा. कुणी रागाने हिसडा मारून किल्ली ओढली की मी अजून वाजते. मग आतून एलेमाचा आवाज येतो, "बस रे बाळा. कॉफी पिऊन जा."