बरणीतला नर

नवी संशोधक नोना आमच्या केंद्रावर येऊन सतरा दिवस झाले होते. अठराव्या दिवशी तिला तो प्राणी सापडला. मला तिथे चौदा वर्षं झाली होती.

रशियाच्या अगदी उत्तरेला, मुर्मानच्या किनाऱ्यावर, चायकिनो गावाच्या टोकाला आमचं समुद्रजीवांचं केंद्र. माझं काम बोकोप्लावांचं. हे कोळंबीच्या गोतातले, कुशीवर पोहणारे, नखाएवढे कवचवाले प्राणी. कॉड मासा त्यांच्यावरच पोसतो. बोटीमागची जाळी समुद्राचा तळ खरवडून वर यायची, आम्ही चिखल चाळायचो, चिमट्यानं एकेक जीव उचलायचो आणि भिंगाखाली त्याचे पाय, पंजे, दात बघून त्याची जात ठरवायचो. चौदा वर्षांत मी चाळीस हजारांवर प्राणी हाताळले. त्यांतला एकही माझ्या नावावर नव्हता. सगळे आधीच कुणी ना कुणी नोंदवून ठेवलेले.

"कापितोलिना अर्काद्येव्ना, जरा बघता का?" नोना म्हणाली. "पाठीवर हे चार दात आहेत. पुस्तकात मला हा कुठेच दिसेना."

मी भिंगाला डोळा लावला. तीन माद्या होत्या, अजून जिवंत, डोळे लालभडक. त्या लाल रंगामुळे मी क्षणभर चकले, कारण अल्कोहोलमध्ये हा रंग उडून जातो आणि मी हा प्राणी मेलेलाच पाहिला होता. पण पाठीवरचे ते चार दात मी जन्मात विसरले नसते. माझ्या कपाटात तिसऱ्या फळीवर, मागच्या रांगेत, ह्याच जातीचा एक नर होता. १९५८च्या ऑगस्टमध्ये मीच वेचलेला. हा नवा आहे असं तेव्हाच वाटलं होतं. पण लेनिनग्राडला बसलेले माझे गुरू गेर्मान ओट्टोविच एकदा भर वर्गात एका मुलाला म्हणाले होते, "एका प्राण्यावरून नवी जात? उद्या एका ढगावरून वर्षाचं हवामान सांगशील." सगळे हसले होते, मीही हसले होते. म्हणून मी चिठ्ठीवर तारीख लिहून पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं, चिठ्ठी बरणीत सोडली आणि बरणी मागे सारली. आणखी मिळाले की बघू म्हटलं. नऊ वर्षं गेली.

"कशाची तरी पिल्लं असतील," मी म्हणाले.

"पिल्लं कशी? हिच्या पोटाशी अंडी आहेत."

मला ती अंडी दिसली होती. मी म्हणाले, "मग घाई करू नकोस. इथे नवीन आलेल्या सगळ्यांना पहिल्या महिन्यात काहीतरी नवं सापडतं."

ती हसली. "मग मीही त्या सगळ्यांतलीच." आणि त्याच दुपारी तिनं थेट गेर्मान ओट्टोविचना पत्र लिहून टाकलं. हसतील की काय, हा विचारच तिच्या मनात आला नसावा. मला तिचा खरा राग त्याचा आला.

ऑक्टोबरात टपालाच्या बोटीबरोबर उत्तर आलं. आम्ही चहाला बसलो होतो. आमच्या बोटीचा कप्तान येफीम त्रोफिमिच पावावर कंडेन्स्ड दूध ओतत होता. तो जुना पोमोर, बापजाद्यांपासून ह्याच पाण्यावर वाढलेला. नोनानं पत्र मोठ्यानं वाचलं. "तुझ्याकडे नजर आहे. नजर शिकवता येत नाही. पण नराशिवाय वर्णन अर्धं राहील. नर मिळव."

मला चौदा वर्षांत त्यांची अकरा पत्रं आली होती. 'काम व्यवस्थित आहे' ह्यापुढे एकही गेलं नव्हतं. मी कपातला चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"तुमच्या जुन्या बरण्यांत असेल का हो एखादा?" नोनानं विचारलं. "मी शोधू का?"

"मी पाहिलंय सगळं," मी म्हणाले. "नाही."

ती बाहेर गेल्यावर मी ती बरणी फळीवरून काढली आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, लोकरीच्या हातमोज्यांखाली ठेवली. एखादं भांडं जागेवर ठेवावं तशी ठेवली.

नोव्हेंबरात सूर्य दीडेक महिना उगवेनासा व्हायची वेळ येते. दुपारी दोन तास काय तो उजेड. त्या उजेडात नोना येफीमला घेऊन बाहेर पडायला लागली. पहिल्या खेपेला नुसते दगड आणि तारामासे. दुसऱ्या खेपेला आणखी दोन माद्या. परत आली तेव्हा तिच्या भुवयांवर बर्फ होता आणि ती तशीच चाळणी घेऊन बसली.

येफीम माझ्याकडे आला. "तुम्ही तिला समजवा, बाई. दोरखंड गोठून काठीसारखा होतोय. एवढं काय अडलंय त्या उवेवाचून?"

"तिची हौस आहे," मी म्हणाले. "हौशीला कोण आडवं येणार?"

"हौस नाही ती. ती म्हणते, कापितोलिना अर्काद्येव्नांनी सगळं पाहिलंय, त्यांच्याकडे नाही म्हणजे समुद्रातूनच काढायला हवा."

तेव्हा मला खण उघडता आला असता. येफीम दारातच उभा होता. मी म्हणाले, "दार लावा, थंडी आत येतेय."

तिसऱ्या खेपेला जाळी तळाच्या खडकात अडकली. बोट हेलकावली, दोरखंड सैल पडला आणि लगेच ताठ झाला. नोनाचा उजवा हात दोरखंड आणि गुंडाळणीच्या रुळामध्ये सापडला. येफीमनं स्वतःचा सदरा फाडून तो बांधला आणि तसाच तिला मुर्मान्स्कच्या इस्पितळात घेऊन गेला. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

जाळीतला चिखल बादलीत तसाच होता. दोन दिवसांनी येफीमनं तो माझ्यापुढे आणून ठेवला. "तुम्ही तरी बघा," म्हणाला. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाळत होते. देवाला मानत नव्हते, तरी मनात म्हणत होते, एक नर निघू दे. म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही. खेकड्यांची चार पिल्लं निघाली आणि किडे.

जानेवारीत नोना परतली. आपल्या टेबलाशी बसली आणि डाव्या हातात सुई धरून प्राण्याचा एक पाय सुटा करायचा प्रयत्न करायला लागली. तो पाय पापणीच्या केसाएवढा. सुई घसरायची, पाय तुटायचा. ती दुसरा प्राणी घ्यायची. सरावाला साध्या जाती घेत होती. मी चार दिवस ते पाहिलं. पाचव्या दिवशी खण उघडला आणि बरणी तिच्यासमोर ठेवली.

तिनं आधी नर पाहिला. चेहरा उजळला. मग चिठ्ठी वाचली.

"हे तुमचं अक्षर."

"हो."

"अठ्ठावन्न साल." ती थांबली. "मी विचारलं तेव्हा कुठे होता हा?"

"फळीवर. नंतर खणात."

तिनं उजव्या हातानं बरणी उचलून पाहिली आणि परत ठेवली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझ्यानं आता हा कापवणार नाही. तुम्ही कापा. चित्रंही तुम्हीच काढा. लिहिणार मी."

मी तीन आठवडे काम केलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात स्वच्छ काम. नराच्या पंजांची दुसरी जोडी मादीच्यापेक्षा दुप्पट मोठी, आतल्या कडेला खाच. त्या जातीची खरी खूण तीच. नोना डाव्या हातानं लिहायची, लहान मुलासारखं मोठं अक्षर. कामापुरतं बोलायची. चहाला मात्र माझ्या टेबलावर येईनाशी झाली.

लेख छापून आला. वर तिचं एकटीचं नाव, खाली 'चित्रे: का. अ. दोलगोबोरोदोवा'. नराची तारीख आणि वेचणारीचं नाव तिनं खरं ते दिलं होतं. तो मी लपवला होता हे लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. जातीला नाव तिनं येफीमचं दिलं. मी ती ओळ दोनदा वाचली. खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं की माझं देईल. कशाच्या जोरावर वाटलं कोण जाणे. येफीम मात्र संकोचला. "उवेला माझं नाव? बायको महिनाभर हसेल." पण तो छापील कागद त्यानं घडी न घालता घरी नेला, आणि मला चक्क त्या म्हाताऱ्या कप्तानाचाही हेवा वाटला.

मग गेर्मान ओट्टोविचचं बारावं पत्र आलं. "चित्रं उत्तम. हा नर नऊ वर्षं तुमच्या कपाटात होता आणि तुम्हाला ओळखू आला नाही, हे वाचून वाईट वाटलं."

ते पत्र मी आठवडाभर खिशात घेऊन फिरले. खोटं बोलल्याची लाज होती, नोनाच्या हाताची तर होतीच, पण त्या सगळ्यांपेक्षा हे वाक्य जास्त डाचत होतं. नजर नसलेली बाई. शेवटी मी उत्तर लिहिलं. नर मी अठ्ठावन्न सालीच ओळखला होता, नोनाच्या माद्याही पहिल्या दिवशी ओळखल्या, तिनं मागितला तेव्हा नाही म्हटलं, आणि म्हणून ती समुद्रावर गेली. काही वगळलं नाही. पाकीट बोटीवर दिलं.

मे महिन्यात टपाल आलं. नोनाला पत्र होतं, मला नव्हतं. ती पत्र हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली, कित्येक महिन्यांनी.

"तुम्ही त्यांना सगळं कळवलंत?"

"हो."

"का? मी कुणाला बोलले नव्हते. कधी बोललेही नसते."

"त्यांना वाटलं, मला तो दिसलाच नाही."

तिनं पत्राची घडी घातली. "म्हणजे माझ्या हातासाठी नाही," ती सावकाश म्हणाली. "ह्यासाठी."

मी होय म्हणाले. दुसरं काही म्हटलं असतं तर तिनं लगेच ओळखलं असतं. तिच्याकडे नजर होती.

गेर्मान ओट्टोविचनी मला पुन्हा कधी लिहिलं नाही. नोना पुढच्या शरद ऋतूत लेनिनग्राडला गेली, त्यांच्याच खोलीत, त्यांच्या शेजारच्या टेबलावर. डाव्या हातानं तिनं आजवर सहा जाती नोंदवल्या आहेत. प्रत्येक लेखाची प्रत केंद्राच्या पत्त्यावर येते, माझ्या नावे नाही. पाकीट फोडून आधी मी चित्रं बघते, ती कुणी काढली आहेत ते.