फौजी शिस्त

गंध जरा पातळच कालवलं होतं. फोटोच्या काचेवरून ते ओघळलं, भुवईवरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं आणि तिथंच वाळायला लागलं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून सिंधुबाई नवऱ्याच्या फोटोवरच्या त्या पिवळ्या रेघेकडे बघत राहिल्या. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून ज्या कपाळाला गंधाचं बोट शिवलं नव्हतं, त्या कपाळाला प्राचार्य पंचाक्षरींनी शेवटी मेल्यावर गाठलं... हार, उदबत्ती, नारळ, सगळं यथासांग. विचारावं असं कुणाला वाटलं नाही. उठून पदरानं पुसावं का? पण पुसलं असतं तर उद्या लातूरभर झालं असतं, सरवद्यांच्या बाईला दुःखानं भ्रम झाला.

मेल्या म्हशीला मणभर दूध. व्यासपीठावर नव्या जिल्ह्याचे नवे कलेक्टरसाहेब बसले होते, त्यांच्या पुढ्यात पाण्याचे ग्लास अर्धेच भरलेले – टँकर दोन दिवस आला नव्हता – आणि पंचाक्षरी बोलत होते. निवृत्ती सरवदे, पासष्टच्या लढाईतला जवान, मांडीत गोळी घेऊन परतला, औरंगाबादला एम.ए. झाला आणि आमच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागला. मग पंचाक्षरींनी टेबलावरची खाकी कापडातली पाण्याची बाटली दोन्ही हातांनी उचलली. तिलाही हार घातलेला.

"मित्रहो, बहात्तरच्या दुष्काळापासून ही बाटली सरांच्या खांद्याला होती. स्टाफरूममधल्या पाण्याचा घोट त्यांनी कधी घेतला नाही. कुणावर भार नको! याला म्हणतात फौजी शिस्त!"

टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

बाटली सिंधुबाईंनीच दिली होती, परवा, घासूनपुसून. न्यायला आलेला लिंबाजी शिपाई ती काखेत धरून दारातच घुटमळला, खाली बघत म्हणाला, "बाई, तुमाला ठाव न्हाई वाटतं. त्या दुष्काळात स्टाफरूमात पंचाक्षरी सायबाच्या घरच्या हिरीची घागर येत व्हती. सरांनी एकदाच आपल्या हातानं घेतलं त्यातलं पाणी. दुसऱ्या दिशी मी ती घागर चिंचेनं घासत व्हतो, सायबानं सांगितलं म्हणून... अन् सर दारात उभे."

"मग? काय म्हणाले?"

"काई न्हाई. घड्याळ बघितलं अन् वर्गावर गेले."

घड्याळ बघितलं! परवापासून हे एवढंच सिंधुबाईंच्या घशात अडकून होतं. पंचाक्षरींचं काय, त्यांचा राग सोपा होता. तो समोर उभा होता, उपरणं सावरत होता, आणि आता सिंधुबाईंना दोन शब्द बोलायला बोलावणार होता. शब्द त्यांनी घरूनच पाठ करून आणले होते. चिंच, घागर, दार... तीन वाक्यांत या मंडपाचं तोंड काळं करता आलं असतं. पण मधेच ते दारात उभे राहायचे, घड्याळ बघत. शत्रूच्या गोळीपुढं गेलेला माणूस एका घागरीपुढं गप्प! वर्गात पोरांना सांगायचे, जो गप्प बसला तो इतिहासातून गेला. आणि स्वतः तोंड दाबून बुक्क्यांचा मार... अहो, बुक्क्या तुम्ही खाल्ल्या, पण माझं तोंड कुणी दाबलं? मला म्हणालात, सवय गं, फौजेतली. आणि मी मानलं. घरात हंडाभर पाण्यात चार माणसं निभवायची होती तेव्हाही आधी तुमची बाटली भरली. दोनदा नवं खाकी शिवलं तिला. शेजारच्या पार्वतीबाईंना ऐट दाखवली – आमचे हे फौजी, कुणाचं पाणी पीत नाहीत. मीसुद्धा टाळ्याच वाजवत होते की. रोज सकाळी, स्वतःच्या हातानं, मी तुमच्या खांद्याला तो विटाळ अडकवून देत होते, आणि तुम्ही मला ते करू दिलंत.

"...आता सरांच्या पत्नी दोन शब्द बोलतील."

त्या उठल्या. पंचाक्षरी हात जोडून बाजूला सरले. माईक उंच होता, लिंबाजीनं येऊन तो खाली केला आणि त्यांच्याकडे न बघता तो मागं गेला. बोलावं, आत्ता. पण बोललं की ही सगळी माणसं आधी त्यांनाच बघणार, दारात उभं असलेलं. जे एका बायकोपासून एवढी वर्षं झाकलं ते गावापुढं उघडं पडणार. माझ्यापुढं जवान राहायचं होतं ना तुम्हाला? म्हणून ना? अहो, घरी येऊन एकदा सांगितलं असतंत तर मी त्या घागरीचे तुकडे पंचाक्षरींच्या ओसरीत नेऊन टाकले असते... ठाऊक होतं तुम्हाला. म्हणूनच सांगितलं नाहीत.

ते गेल्यापासून सिंधुबाईंच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, बायका कुजबुजायच्या. आत्ताही आलं नाही. आला तो नुसता संताप, कानशिलं तापवणारा, स्वयंपाकघरात ताट आपटून काढायचा असतो तसला, आणि त्या संतापासरशी ते इतके जवळ आले, इतके खरे, की हातभर अंतरावर कुणी श्वास घेतोय असं वाटलं. माईक घरघरला. थांबा म्हणावं मंडपाला जरा, सिंधुबाईंना वाटलं. आधी आमचं नवरा-बायकोचं भांडण होऊ द्या.