पंधरा नवकारांत धुतलेली गाडी

"सकाळी आधी दिवसाचं माप ठरव, सायर, मग चूल पेटव."

सुंदरबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि धुळ्यात, देवपूरला, त्यांच्या शेजारच्या घरात राहत होते. पुढे लग्न होऊन जळगावला आले, पण माप सुटलं नाही. आम्हा जैनांत याला चौदा नियम म्हणतात. दिवस उगवला की आसनावर बसायचं आणि आज काय काय, किती वापरणार हे मनाशी ठरवून टाकायचं. खाण्याच्या जिनसा किती, चपलांचे जोड किती, वाहनं किती, कोणत्या दिशेला किती लांब जाणार, पाणी किती. मग दिवसभर त्याच्या आत राहायचं. बाहेरच्यांना गंमत वाटते. घरच्यांनाही वाटते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

त्या मंगळवारी मी ठरवलं ते असं: जिनसा अकरा, वाहन एक, पश्चिमेला दीडशे किलोमीटर आणि माझ्या हाताने वापरायचं पाणी दोन बादल्या.

दीडशे किलोमीटर मुद्दाम ठेवले होते. सुंदरबाईंना दोन मुलगे आणि एकच मुलगी, कामिनी. बावीस वर्षांपूर्वी तिने दीक्षा घेतली. आता ती कामिनी नाही, साध्वी आहे, आम्ही महासतीजी म्हणतो. तिचं जुनं नाव घ्यायचं नसतं, पण मी तिला परकरात पाहिलेलं आहे, त्यामुळे मनात तेच येतं. तर महासतीजी चार दिवस चाळीसगावला मुक्कामाला होत्या आणि बुधवारी सूर्योदयानंतर पायी निघणार होत्या, ते थेट कर्नाटकाकडे. महासतीजी वाहनात बसत नाहीत, फोनला हात लावत नाहीत आणि आई आजारी आहे म्हणून वाट वाकडी करत नाहीत. सुंदरबाई आता त्र्याहत्तर वर्षांच्या. गेल्या साली पडल्या, तेव्हापासून खुब्यात सळई आहे. धुळ्याहून चाळीसगाव गाडीने दीड तासाचंही नाही. पण त्यांना उचलून बसवावं लागतं, उचलून उतरवावं लागतं, आणि परक्या ड्रायव्हरचा हात धरायचा नाही असा त्यांचाही नियम. मुलगे दोन्ही सुरतेला.

या खेपेला भेट हुकली तर पुन्हा होईल असं धरून चालण्याचं वय राहिलेलं नाही. हे सुंदरबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, की तू अजून गाडी चालवतेस का. मी म्हटलं, मंगळवारी दोनपर्यंत दारात येते.

गाडी मात्र पारसची. पारस माझा मुलगा. चौपन्नाव्या वर्षी मी ड्रायव्हिंगचा क्लास लावला तेव्हा त्याने सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगितलं होतं, आणि तेव्हापासून आजवर गाडीची किल्ली मला चार वेळा दिली होती. रविवारी विचारलं तर "घेऊन जा की" म्हणाला. मंगळवारी चहा पिताना त्याला आठवलं की गाडी मळकी आहे. आदल्या दिवशी तो रावेरकडे केळीच्या बागांतून फिरून आला होता आणि गाडीच्या दारांपर्यंत चिखल वाळला होता.

तो म्हणाला, अशी गाडी घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही. बाहेर धुवायला द्यायची नाही, ती पोरं एकाच फडक्याने चाकं आणि काचा पुसतात, रंगावर ओरखडे येतात. त्याने रंगावर कसलंसं महागाचं कोटिंग करून घेतलं आहे आणि त्याबद्दल तो जेवढं बोलतो तेवढं बायकोबद्दल बोललेला मी ऐकला नाही. मेहरूणकडे सेल्फ-सर्व्हिसचं नवीन वॉशिंग सेंटर झालंय, तिथे आपल्या हाताने धुवायची.

"नीट धुतलेली दिसली की खुशाल जा, मम्मी," असं म्हणून तो गोड हसला.

पारसला 'नाही' म्हणता येत नाही, हा त्याचा चांगुलपणा. 'नाही'च्या जागी तो अट ठेवतो. माझ्या दोन बादल्या त्याला माहीत होत्या. त्यातली अर्धी बादली अंघोळीला गेली होती हेही घरात सगळ्यांना माहीत होतं.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. नियम घेताना मी कायम "माझ्या हाताने" असे शब्द घालते. त्यामुळे सून आयुषी धुणं धुते ते पाणी माझ्या मापात येत नाही, आणि साध्या वॉशिंग सेंटरवर दोन माणसं गाडीवर तीनशे लिटर ओततात तेही येत नाही. या दोन शब्दांच्या सावलीत मी चाळीस वर्षं अगदी सुखाने व्रतस्थ राहिले. आणि आता गावात असं दुकान निघालं होतं की जिथे पैसे भरून सगळं स्वतःच्याच हाताने करायचं.

दहाला मी तिथे पोचले. शेडमध्ये चार गाळे, प्रत्येकात पाण्याची बंदूक, फेसाची बंदूक आणि मिनिटं मोजणारा लाल आकड्यांचा डबा. काउंटरवरच्या माणसाला मी विचारलं, मिनिटाला पाणी किती पडतं. तो म्हणाला, सगळे मिनिटंच विचारतात, पाणी कुणी विचारलं नाही. मग उठून मशीनच्या पाठीमागचा कागद वाचून आला. मिनिटाला दहा लिटर.

बादली माझी वीस लिटरची. म्हणजे हाताशी तीस लिटर, तीन मिनिटं. घड्याळाकडे बघत गाडी धुता येत नाही, पण नवकार मंत्र मला बरोबर बारा सेकंदांत म्हणून होतो. रोज सामायिकात, म्हणजे ध्यानाला, बसून बसून ठरलेली गती आहे ती. मिनिटाला पाच. गाडी पंधरा नवकारांत धुवायची होती.

बारा मिनिटांचं टोकन घेतलं, त्याहून लहान नव्हतं. बॉनेट तापलं होतं म्हणून गाडी आधी पंधरा मिनिटं सावलीत उभी केली. तापल्या पत्र्यावर पाणी टाकलं की जागच्या जागी सुकतं आणि आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके मागे राहतात. चाकांसाठी जुनं फडकं, अंगासाठी मऊ हातमोजा, पुसायला दोन कोरडे टॉवेल, असं सगळं ओळीने मांडलं. मग पुंजणी काढली. पुंजणी म्हणजे लोकरीचा मऊ कुंचा, जीवजंतू न दुखवता बाजूला करायचा. पाणी सोडण्याआधी गाडीवर कुणी राहत नाही ना, हे बघायला नको का? वायपरखाली दोन मुंग्या होत्या, त्या लगेच निघाल्या. उजव्या आरशाच्या मागे मात्र एक कोळी होता. त्याला निघायचं नव्हतं. एव्हाना टोकन टाकलेलं, लाल आकडे उतरत होते, मागे एक गाडी येऊन उभी राहिली होती आणि हॉर्न देत होती, आणि मी आरशापुढे वाकून कोळ्याला हळू आवाजात समजावत होते. शेवटी तो पुंजणीवर आला. त्याला खांबावर सोडून परत येईपर्यंत मशीनची दीड मिनिटं गेली. माझा पाण्याचा एक थेंबही गेला नव्हता.

मग मी बंदूक उचलली.

पहिले पाच नवकार छतापासून खाली. बंदूक गाडीपासून हातभर लांब, चिखल खरवडायचा नाही, भिजवायचा. दरवाज्यांचे खालचे पत्रे आणि चाकांच्या कमानी यांना जास्त. नवकार संपला की बोट सोडायचं, सरकायचं, पुन्हा दाबायचं. बोट सोडलं की मशीनचे आकडे पळत राहतात, पाणी थांबतं. लोक आकड्यांना घाबरून बंदूक चालूच ठेवतात. मग फेस. फेसात पाणी असतं का, हा प्रश्न मी घरून निघतानाच सोडवून ठेवला होता. असतं, म्हणून त्याचे दोन नवकार धरले. फेस चढला की तो वाळायच्या आत हातमोजा फिरवायचा, गोल गोल नाही, सरळ, वरून खाली, आणि फार न दाबता. फेस जे उचलतो ते आपण पुन्हा घासून लावायचं नाही. चाकं शेवटी, त्यांच्या वेगळ्या फडक्याने.

उरले आठ. छत, काचा, बॉनेट, उजवी बाजू, डावी बाजू. पंधरावा नवकार संपला तेव्हा मी बोट सोडलं आणि बघितलं, तर मागच्या डाव्या चाकावर आणि डिकीच्या खालच्या पट्ट्यावर साबण तसाच. मशीनवर अजून पाऊण मिनिट शिल्लक होतं. माझ्याकडे काही नव्हतं.

मी टॉवेल घेऊन बाकीची गाडी पुसायला लागले. दुसरं काय करणार? शेजारच्या गाळ्यात पारोळ्याकडचा एक तरुण त्याची जीप धूत होता. हितेंद्र नाव, काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याने अर्ध्या तासात एवढं पाणी ओतलं होतं की त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"मावशी, गाडीले आजून साबन शे," तो म्हणाला आणि चाकाकडे बोट दाखवलं. "थांबा, मना दोन मिनिट बाकी शेत."

आमच्यात पाप तीन वाटांनी येतं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मनातून बरं म्हणणं. मी करत नव्हते. मी सांगितलंही नव्हतं. उरली तिसरी वाट. मी म्हटलं, "राहू द्या, भाऊ." पण मशीनच्या आवाजात ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हटलं, आणि ते हळू मी मोजून म्हटलं होतं. लोक मला मृदुभाषी म्हणतात. त्यातला निम्मा मृदूपणा असा सोयीचा असतो हे मला त्या शेडमध्ये कळलं. रात्रीच्या प्रतिक्रमणात त्याची क्षमा मागायची, असं ठरवून मी मनातून त्याला अगदी पोटभर बरं म्हटलं.

त्याने चाक धुतलं, पट्टा धुतला, आणि मग माणूस उदार, दोन मिनिटं संपवायची होती, म्हणून मी पुसून कोरडी केलेली सगळी गाडी त्याने छतापासून पुन्हा भिजवली.

मी दुसरा टॉवेल काढला. आरशांच्या फटी, दारांच्या कडा, डिकीचा ओठ, जिथून पाणी नंतर ओघळतं ते सगळं दाबून दाबून टिपलं. हितेंद्र जीप तशीच उन्हात वाळत ठेवून बघत उभा होता. त्याच्या काळ्या जीपवर पांढरे ठिपके उमटायला लागले, तेव्हा त्याने विचारलं की मावशी, हे काम तुम्ही रोज करता का. मी म्हटलं, पहिल्यांदाच. त्याचा विश्वास बसला नाही.

साडेअकराला घरी आले. पारस जेवायला आला होता. माझ्या हातातून किल्ली घेऊन तो गाडीभोवती दोनदा फिरला. दार उघडून कडेवरून बोट फिरवलं, पेट्रोलच्या झाकणाआड बघितलं, खाली वाकून कमानीत बघितलं. काही सापडलं नाही. मला वाटतं त्याला थोडं वाईट वाटलं. मग त्याने फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले, 'मम्मीने स्वतः धुतली'. लगेच सातजणांनी हात जोडले.

मी किल्लीसाठी हात पुढे केला.

"मम्मी, बघ जरा," तो म्हणाला, अगदी मायेने. "शोरूममधून आणली तशी झालीये. आता ही धुळ्याला न्यायची? त्या रस्त्याचं काम चाललंय, मुरुमाचे डंपर. इतकी मेहनत केलीस ती तासाभरात पाण्यात. आपण रविवारी जाऊ, मीच येतो."

महासतीजी बुधवारी निघतात, हे मी त्याला सांगितलेलं होतं, पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, मग सुंदरमावशींना व्हिडिओ कॉल लावून देऊ. आयुषी स्वयंपाकघरातून म्हणाली, महासतीजी फोन बघत नाहीत. तो म्हणाला, हो, ते राहिलंच. आणि किल्ली खिशात टाकून हात धुवायला गेला.

मळकी होती म्हणून न्यायची नव्हती. आता स्वच्छ आहे म्हणून न्यायची नाही. मी ताट वाढलं. दोन पोळ्या, वरण, शेवेची भाजी. तो बसला. मी समोर उभी राहिले, आणि या वेळी ऐकू जाईल असं म्हटलं, "पारस, किल्ली."

त्याने वर बघितलं.

"तू अट घातलीस, मी पाळली. मी सुंदरबाईंना दोनची वेळ दिलीये. गाडी मळेल. मळली की मी धुईन."

"अगं, पण तुझं पाणी—"

"माझ्या पाण्याचं मी बघते. तू जेव."

आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. आयुषीची पोळी तव्यावर करपल्याचा वास आला. पारसने डावा हात खिशात घातला आणि किल्ली ताटाच्या शेजारी ठेवली, पाहुण्यांसमोर पानदान ठेवावं तशी. तो रागावला नव्हता. त्याला दुसरी अट सुचत नव्हती, एवढंच.

मी पुढच्या सीटवर सुंदरबाईंच्या पाठीसाठी उशी ठेवली आणि पाय टेकायला लाकडी पाट. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली घेतली. फोन लावला, तर पहिल्या घंटेलाच त्यांनी उचलला. निघतेय, तयार राहा, असं मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "सकाळी सहापासून लुगडं नेसून बसलेय. तू सावकाश ये."

आयुषीने फाटक उघडलं. मी गाडी मागे घेतली, आरशात बघत, कुणाला लागू नये अशी, आणि बांभोरीच्या पुलाच्या दिशेने धुळ्याच्या रस्त्याला लागले.