वरवंट्याचे राहिलेले दिवस

तीर्थपुरीच्या आसपास कुठंही बारसं असलं की दैवशालाला बोलावणं यायचंच. पाळणा म्हणावा तर तिनंच, असं बायका म्हणायच्या. त्याचा मान ठरलेला होता, एक नारळ आणि एक खण. दैवशाला हसून ओटी भरून घ्यायची. घरी आल्यावर मात्र खण पेटीत टाकताना तिचं तोंड उतरायचं. लग्नाआधी एकदा ती जालन्यात ऑर्केस्ट्राबरोबर गायली होती. समोर माणसंच माणसं होती, आणि गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. तेव्हापासून तिला वाटायचं, खरं गाणं ते. पाळणा काय, बाळ झोपलं की संपला.

म्हणून ऑर्केस्ट्रावाल्या राजानंदचा फोन आला त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते. जालन्यात मस्तगडला त्याचा संध्याकाळी कार्यक्रम होता, आणि गाणारी आजारी पडली होती. दैवशालानं लगेच हो म्हटलं. अडचण एवढीच की त्याच दुपारी गोजरबाईच्या नातवाचं बारसं होतं, आणि तिकडंही ती हो म्हणून बसली होती.

गोजरबाईच्या घरची रीत जुनी होती. बाळाला थेट पाळण्यात घालायचं नाही. आधी दगडी वरवंटा धुऊन, टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून निजवायचा. तो बाळाचा थोरला भाऊ. त्याला झोके देत बारा दिवसांची बारा कडवी म्हणायची. बाराव्या कडव्यात भावाला नाव द्यायचं, त्याला उचलून बाजूला ठेवायचं, आणि मग बाळाला आत घालायचं. वरवंट्याचं नाव दर वेळी गोप्याच असायचं.

दैवशाला कडवी म्हणत होती, पण तिचं सगळं लक्ष बाहेर होतं. फाट्यावरची काळीपिवळी जीप वेळेवर निघणार होती. सातवं कडवं संपलं तसा फाट्याकडून हॉर्न ऐकू आला. तिनं पाळण्याची दोरी सोडली, वरवंटा उचलून भिंतीशी ठेवला आणि बाळाच्या आईला, शीतलला म्हणाली, घाल बाळाला. बायकांमध्ये चुळबूळ झाली. शीतलनं एकदा वरवंट्याकडं पाहिलं आणि बाळाला आत ठेवलं. नाव ठेवलं माऊली. दैवशाला खण न घेताच पळाली.

मस्तगडचा कार्यक्रम रंगला. दुसऱ्या गाण्याला माणसं उठून उभी राहिली. तिसऱ्या गाण्याच्या मधल्या संगीतात मात्र तिला एक आवाज ऐकू आला. कर्र, मग जरा थांबून, कुई. लाकडी पाळण्याची कडी आढ्याला घासते तसा. तिनं ढोलकीवाल्याकडं पाहिलं. तो मान डोलावत होता, त्याला काही ऐकू आलेलं नव्हतं. आवाज गाण्याच्या तालात नव्हता. तो पाळण्याच्या तालात होता, आणि सातव्या कडव्यानंतर जिथं आठवं उचलायचं, तिथं येऊन थबकत होता. जणू कोणी वाट पाहत होतं.

कार्यक्रमानंतर राजानंद खूश होऊन म्हणाला, पुढं मोठा दौरा आहे, उद्या दुपारपर्यंत बॅनर छापायला जाईल, त्याआधी इथं येऊन फोटो देऊन जा, नाव मोठ्या अक्षरात टाकतो. नाही आलीस तर दुसरी बघावी लागेल. दैवशाला त्या रात्री जालन्यात बहिणीकडं राहिली. इतक्या वर्षांची हौस उद्या पुरी होणार होती, तरी तिच्या कानातली कडी थांबली नाही.

सकाळी गोजरबाईचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळं दैवशालाला जास्तच भीती वाटली.

"पाळणा हालूनच राह्यला, बाई. वारं न्हाई, कोणी हात लावला न्हाई. आन् लेकरू आत टाकलं का एका कडंला सरकतंय. दुसऱ्याला जागा केल्यावानी."

दैवशालानं विचारलं, दोरी कुठं अडकली असेल, पाहिलं का? गोजरबाई म्हणाली, "तुला ठावं न्हाई. माऊलीच्या आधी शीतलला एक झाल्तं. सात दिवसांचं होऊन गेलं. तू काल तिथंच थांबलीस."

मस्तगड बहिणीच्या घरून चालत जाण्याइतकं जवळ होतं. दैवशाला फोटो घेऊन निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथून बसस्टँडकडं वळली. संध्याकाळपर्यंत परत येऊ, राजानंद एवढं थांबेल, असं तिनं मनाला सांगितलं.

ती पोचली तेव्हा भर दुपार होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. घरात शीतल माऊलीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती, गोजरबाई उंबऱ्यात बसली होती. मधल्या खोलीत रिकामा पाळणा हलत होता. जोरात नाही. झोपत आलेल्या बाळाला आई देते तसा, बेताबेतानं. भिंतीशी ठेवलेला वरवंटा दैवशालानं उचलला. दगड गार असायला हवा होता. तो कोमट होता, आणि आदल्या दिवसापेक्षा जड वाटला.

तिनं त्याला टोपडं घातलं, दुपट्यात घेतलं आणि पाळण्यात निजवलं. दोरी धरली. दोरी ओढावी लागली नाही. पलीकडून कोणी तरी तालात साथ देत होतं.

तिनं आठवं कडवं उचललं.

आठव्या दिवशी बाळाला तीट लावतात. नवव्या दिवशी कोवळ्या उन्हात घेतात. हे सगळं ती इतक्या घरांत म्हणत आली होती, तोंडपाठ, मागच्या कडव्याला पुढचं जोडत. आज पहिल्यांदा तिला कळलं की हे दिवस आहेत, आणि ते कोणाला मिळाले नाहीत. ती हळू झाली. एकेक शब्द तिनं असा ठेवला, जणू त्या शब्दावर कोणी पाऊल टाकून पुढं येणार होतं. दहाव्या कडव्यात पिशवीतला फोन वाजू लागला. राजानंदच असणार. फोन थांबला, पुन्हा वाजला. दैवशालानं दोरी सोडली नाही. अकराव्या कडव्यात फोन गप्प झाला, आणि मग तिच्या आवाजाच्या खाली दुसरा एक आवाज ऐकू येऊ लागला. शब्द नव्हते त्याला. नुसता हुंकार, ओल्या ओठांचा. माऊलीनं मान वळवून पाळण्याकडं पाहिलं आणि तो हसला.

बारावं कडवं आलं. इथं नाव घ्यायचं. गोप्या हा शब्द दैवशालाच्या जिभेवर आला होता, पण तिनं तो गिळला आणि शीतलकडं पाहिलं. पाळणा वर जाऊन थांबल्यासारखा झाला. शीतलचे ओठ हलले. हे नाव तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

"कल्याण," ती म्हणाली.

दैवशालानं ते नाव गाण्यात घातलं आणि सूर खाली आणून सोडला. पाळणा दोन झोके आणखी गेला. मग थांबला. तिनं वरवंटा उचलला, तो गार पडला होता. शीतलनं माऊलीला आत ठेवलं. तो मधोमध झोपला, हातपाय पसरून.

गोजरबाईनं ओटीत नारळ आणि कालचा खण घातला. म्हणाली, "येवढं कोणी ऐकलं नसंल तुझं गाणं." दैवशालाला यावर हसू आलं नाही की रडू. फोनवर राजानंदचा निरोप होता, दुसरी मिळाली, रागावू नकोस ताई. तिनं तो वाचला आणि फोन खणात गुंडाळून पिशवीत ठेवला.

आजही ती बारशांना जाते. बाराच्या बारा कडवी म्हणते, आणि कितीही घाई असली तरी सातव्यानंतर जरा थांबते. बायकांना वाटतं दम घेत असेल. आठवं कडवं ती एकटी उचलत नाही. आधी पाळण्याखालून कल्याणचा तो ओला हुंकार येऊ देते, आणि मग त्याच्या सुरात सूर मिळवते.