हवा मारून येवा

माझा नवरा संध्याकाळी आंघोळ करून घरी यायला लागला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शिजतंय.

यांची, म्हणजे गुरुदासची, शिरोड्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याची शेड आहे. वर पत्रे, मागे विहीर, आत एक मोठा कॉम्प्रेसर आणि हवेवर चालणारी घासायची नि भोकं पाडायची यंत्रं. होडी घासली की पांढरी पूड उडते. ती अंगाला बसली की दोन दिवस खाज जात नाही. म्हणून शेडवर एक पद्धत पडलेली. काम सुटलं की माणसं ओळीने उभी राहायची आणि एकमेकांच्या पाठीवर कॉम्प्रेसरच्या नळीला लावलेल्या गनने हवा मारायची. मगच घर. ही पद्धत आम्हा बायकांच्या धाकाने पडलेली, आणि त्यात माझा धाक पहिला. मी फाटकात उभीच असायचे. कॉलरवर जरा पांढरं दिसलं की म्हणायचे, "परत जावा, हवा मारून येवा." हे मुकाट परत जायचे. बावीस वर्षांत एकदाही उलटून बोलले नाहीत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

तर असा माणूस अचानक अर्धा तास उशिरा, ओल्या केसांनी घरी यायला लागला. आमच्या घरी लाल साबण, यांच्या अंगाला चंदनाचा वास. विचारलं तर म्हणाले, "शेडवर आंग धुतलंय, उकडता." उकडायला काय यंदाच लागलं? तिथून माझं डोकं फिरलं, आणि माझं डोकं एकदा फिरलं की ते काही सोडत नाही.

मग एकेक दिसायला लागलं. फोन आला की हे माझ्याकडे पाठ करून खिडकीशी जायचे. जेवताना वर्षानुवर्षांचा पाट सोडून समोरच्या भिंतीला बसायला लागले. मी बाजूला पडून दिवसभराचं सांगावं तर उत्तर नाही. पूर्वी निदान "हं" तरी करायचे. आता हूं नाही की चूं नाही. एकदा मी सरळ म्हटलं, "कोण ती, नाव तरी सांगा." हे शांत पडून. नाकारलंसुद्धा नाही! त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

शेजारच्या रुक्मिणीकाकूंना सांगितलं. त्या खोबरं खवता खवता म्हणाल्या, "बायेर आंघोळ करणारो पुरुष बरो नसता गो, सुगंधा." तेवढंच मला पुरे होतं. मी दोन साड्या, औषधं आणि अंगणवाडीच्या नोकरीचे कागद पिशवीत भरले. खात्री पटली की वैभववाडीला माहेरी निघून जायचं, असं ठरवलं. ठरवलं खरं, पण पिशवी पलंगाखाली सरकवून ठेवली.

गुरुवारी अंगणवाडी सुटल्यावर मी न सांगता शेडवर गेले. कॉम्प्रेसर बंद झाला होता. माणसं ओल्या फडक्याने हातपाय पुसत होती, ओळ नव्हती. हे विहिरीवर आंघोळ करत होते, डाव्या कानात तेलाचा बोळा घालून. बाई नव्हती. पण मी काय तेवढ्याने ऐकणारी? खुंटीवर यांचा शर्ट होता. मी खिसा तपासला. प्रेमाची चिठ्ठी मिळेल या तयारीनेच हात घातला होता. निघाला सावंतवाडीच्या कानाच्या डॉक्टरांचा कागद. डाव्या कानाचा पडदा फाटलेला. पाणी जाऊ देऊ नये. ऐकू येईल की नाही ते तीन महिन्यांनी सांगता येईल.

"वयनी, खिसो कित्याक तपासतास?"

मागे परशुराम. यांच्याबरोबर पंधरा वर्षं काम करणारा, तोंडाचा फटकळ.

"ह्या काय, परशुराम?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाला, "माज्याच हातून झाला. गन माज्या हातात होती. घाईत प्रेशर कमी केलंय नाय, सहा किलोर तसाच होता. तेंनी मान वळवल्यानी आणि हवा सरळ कानात. थंयच बसले. आता हय कोणी आंगार हवा मारूची नाय, कपड्यांवरपण नाय. गन फक्त होडयेर, ती पण चष्मो लावन आणि प्रेशर कमी करून. नळी काढूच्या आधी चावी बंद करून आतली हवा सोडूची. आंगाक पाणी आणि साबण. साबण मीच आणलंय."

"कधी झाला ह्या?"

परशुरामने खाली बघितलं. "तुमच्याकडे पूजा होती ना सत्यनारायणाची, त्या दिवशी. हे एकदा हवा मारून गेल्लेच होते. मगे परत इले. म्हणाले, फाटकातसून परत धाडल्यान, लोक जमलेत, बेगीन मार."

मला सगळं आठवलं. आरतीचं तबक माझ्या हातात होतं. अंगणात चाळीस माणसं. यांच्या कॉलरवर नखाएवढी पांढरी रेघ होती. मी सगळ्यांसमोर बोट दाखवून परत पाठवलं होतं आणि बायका हसल्या होत्या. हे परत आले ते कानावर हात ठेवून, आणि सबंध आरतीभर तो हात काढला नाही. मला वाटलं, माझा आवाज आवडत नाही म्हणून. त्यावरून मी चार दिवस अबोला धरला होता! मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथेच होडीला टेकून मी रडले.

हे पंचा गुंडाळून आले. कागद माझ्या हातात बघितला. परशुरामला म्हणाले, "तुका सांगलेलंय ना, घरात कळता नये म्हणान?"

"माका कित्याक नाय सांगलास?" मी ओरडले.

"सांगान काय करतलंय? तू फाटकात उभी रवाचा सोडलं असतंस." ते शर्टाची बटणं लावत म्हणाले. "माका ता आवडता."

घरी चालत निघालो. मी यांच्या डाव्या बाजूला, सवयीने. माफी मागायची मला सवय नाही. बावीस वर्षांत मागितलेली आठवत नाही. पुलापर्यंत शब्द जुळवले, मग खाली बघत हळूच म्हटलं, "चुकला माझा."

हे चालत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरवांचो माड वाकलो बघ वाऱ्यान."

मी थांबले. मग मागून वळसा घालून यांच्या उजव्या बाजूला गेले. दुसऱ्यांदा ते शब्द काही केल्या तोंडातून निघेनात. घर आलं. फाटकात रुक्मिणीकाकू आमची वाट बघत उभ्या, डोळे माझ्या चेहऱ्यावर. त्यांच्यासमोरच मी मोठ्याने म्हटलं, "चुकला माझा!"

हे दचकले. "बोंबलतंस कित्याक गो? ह्यो कान बरो आसा अजून."

मग मी जवळ गेले आणि त्याच कानात हळू आवाजात पुन्हा म्हटलं.