झेंडूखालचं काडतूस

टक्‌कन फरशीवर काहीतरी पडलं आणि दुपारची पेंगुळलेली शांतता मोडली. माझ्या लेकीच्या, सानूच्या, बाहुलीच्या पाळण्यातून लाल काडतूस घरंगळलं होतं; पाळण्यात त्याच्यासाठी झेंडूच्या पाकळ्यांची गादी होती.

भातात रानडुकरं येतात, म्हणून माझ्या सासऱ्यांकडे, आबांकडे, परवान्याची बंदूक आहे. काल दसऱ्याला तिची काडतुसांसकट पूजा झाली. मग बंदूक कपाटात गेली. फुलांतून काडतुसं वेचून मी वेगळ्या पेटीत ठेवली, कुलूप आबांनी लावलं.

"मोजली न्हाईस व्हय गं?" आवाज ऐकून आलेले आबा काडतूस उचलत हळूच म्हणाले. "मी बी न्हाई मोजली."

त्यांनी ते पेटीत ठेवून कुलूप लावलं. मी सानूला घट्ट धरून बसले. खिडकीतून पिकत्या भाताचा वास येत होता.

"आई, काल आपण त्याच्या पाया पडलो ना? मग आज तू भ्यालीस कशाला?"