खटला भरायचा तर पेटीवर

मित्रांनो, माझ्या शेजारून रोज कितीतरी लोक जातात आणि त्यातले निम्मे मला कचऱ्याची पेटी समजतात. चिप्सचे तेलकट कागद, जोडीतला एकच ओला हातमोजा, एकदा तर मोडकी छत्री, असे काय काय त्यांनी माझ्या पोटात टाकले आहे. मी रागावत नाही. पण आज सांगूनच टाकते, मी कचऱ्याची नाही, मिठाची पेटी आहे. आता जुनी झाले आहे, पिवळा रंग विटला आहे, एक बिजागरी कुरकुरते. तरी थॉर्नगिल गावातल्या चॅपल बँक नावाच्या चढावर, अगदी अवघड वळणावर, माझी जागा आहे, आणि ती जागा मी एकही दिवस सोडलेली नाही. उभे राहणे हाच माझा नेम.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे पिवळे दाणे साच्यात घातले आणि तो साचा भट्टीत गरागरा फिरवला. तेवढी उष्णता मला पुन्हा कधी मिळाली नाही. थंडीसाठीच जन्माला घातलेल्या जिवाला देवाने सुरुवातीलाच आयुष्यभराची ऊब देऊन टाकली, असे मी मानते.

मला कुठे ठेवायचे यावरून गावाची मोठी सभा झाली. सगळ्यांना मी हवी होते, पण स्वतःच्या खिडकीसमोर कुणालाच नको होते. वाद संपेना तेव्हा वळणावरच्या घरातली हिल्डा थ्वेट उठली आणि म्हणाली, "माझ्या भिंतीला लावून ठेवा. माझ्या गुलाबांना नाहीतरी फुलं येत नाहीत. भिंतीपाशी काहीतरी पिवळं दिसेल तरी." अशी मी तिच्या आश्रयाला आले. गावातली मुले तिला हिल्डा आजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

कौन्सिलच्या मीठ टाकणाऱ्या लॉऱ्या फक्त मोठ्या रस्त्यावरून फिरतात. आमचा चढ त्यांच्या वाटेत येत नाही. त्याच्यासाठी मी आहे. दर ऑक्टोबरात एक लॉरी येते आणि माझी ओटी भरून जाते. हे मीठ ताटात वाढायचे पांढरे नव्हे. खाणीतले, तांबूस आणि खडेदार. पहिला कडाका पडला की लोक फावडी घेऊन येतात, वळणावर मीठ पसरतात, आणि पोस्टाची गाडी न घसरता वर चढते. तेव्हा माझ्या झाकणावर थाप पडते. "शाबास, म्हातारे!" असे पोस्टवाली म्हणते. उन्हाळ्यात मात्र माझी आठवण कुणाला नसते. आजूबाजूला खाजरी झुडपे वाढतात, झाकणावर मांजर झोपते. मी पोट सांभाळून वाट बघते.

या देशाची एक गंमत आहे. इथे दर हिवाळ्यात बर्फ पडतो आणि दर हिवाळ्यात सगळे चकित होतात. बोटभर पडला की शाळा बंद, गाड्या बंद, आणि दुकानातला पाव आणि दूध सकाळीच गायब.

पुढे हिल्डा आजीची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातले तीन वार, सोमवार, बुधवार, शुक्रवार, तिला शहरातल्या इस्पितळात जाऊन डायलिसिस करून घ्यावे लागे. ते तीन वार तिने व्रतासारखे पाळले. पाणी मोजून प्यायची, मीठ तर तोंडाला लावायची नाही. घरातून निघाली की माझ्या झाकणावर काठीने दोनदा टक् टक् करायची आणि म्हणायची, "येते गं." परतल्यावर पुन्हा टक् टक्. ज्या बाईला मीठ वर्ज्य, तिची सोबतीण मी मिठाची पेटी. आमचे छान जमले होते.

मग तो जानेवारी आला. रविवारभर बर्फ पडला. सोमवारी काहीच हलले नाही आणि हिल्डा आजीचा सोमवार चुकला. मंगळवारी तिचे पाय सुजले, दोन पावले टाकली की धाप लागू लागली. इस्पितळाने कळवले की बुधवारी काहीही करून यायलाच हवे. रुग्णवाहिका घसरून पडलेल्यांच्या मागे धावत होत्या. एक मोटार मिळाली, पण चालक म्हणाला, "मी बसथांब्यापर्यंत येतो, चढ चढणार नाही. तासभर थांबेन." बसथांबा चढाच्या पायथ्याशी. हिल्डा आजी वळणावर. मधला रस्ता म्हणजे उतरती काच.

बुधवारी सकाळी तिचे दार उघडले. तिने बुटांवरून आपल्या दिवंगत नवऱ्याचे जाडे लोकरी मोजे चढवले होते. आमच्याकडे बर्फात पाय धरावा म्हणून असे करतात. हातात काठी, खांद्याला पिशवी.

"मावशी, आत जा!" समोरच्या दारातून नॉर्मन ओरडला. नॉर्मन बट्रम, स्वतः आजोबा झालेला, पण लहानपणी तिच्याकडे चॅपलमधल्या रविवारच्या शाळेला जायचा, म्हणून अजून मावशीच म्हणे. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"वेड नाही रे, बुधवार आहे," ती म्हणाली. तिने माझ्यावर टक् टक् केले आणि झाकण उचलले. "अरे देवा! नॉर्मन, ही तर रिकामी."

"रिकामी कशी? परवा तर अर्धी होती."

"आणि हा रस्ता काल दुपारी एवढा चकचकीत नव्हता. पॉलिश कुणी केलं?"

नॉर्मन आपल्या चपलांकडे बघू लागला. "मी थोडं उकळतं पाणी ओतलं. तुमच्यासाठीच."

"किती?"

"सहा-सात केटल्या."

"जन्मात कुणाला चहा पाजायला एवढं उकळलं नाहीस!"

"मग काय करणार, मावशी? मीठ टाकलं, बर्फ बाजूला केला आणि मग कुणी पडलं, की खटला आपल्यावर. सगळ्यांना माहीत आहे. पाण्याचं बरं असतं. पाण्याचा पुरावा राहत नाही."

"राहिलाय की," हिल्डा आजी काठीने रस्ता ठोकत म्हणाली. "चांगला तळ्याएवढा राहिलाय."

मित्रांनो, या खटल्याचा धाक आमच्या गावात भुताहून मोठा. असा खटला डोळ्यांनी कुणी पाहिलेला नाही. पण ज्याच्या मेव्हण्याच्या शेजाऱ्यावर तो झाला होता, असा एक माणूस प्रत्येकाला ठाऊक असतो. म्हणून ज्याने त्याने आपले दार लावून घ्यायचे आणि खिडकीतून हळहळायचे.

एवढ्यात खालून मेव्हिस डॉब्सन कडेकडेच्या गवतावरून, अर्धी रांगत, अंड्यांची परडी घेऊन वर आली. तिच्या कोंबड्या सगळ्या चढाला अंडी पुरवतात. तिने माझ्यात डोकावले. मग तिघांनीही एकदमच वर पाहिले. सगळा डोंगर पांढरा होता. फक्त वरच्या नव्या घराचे अंगण काळेभोर आणि कोरडे होते. मध्यभागी एक मोठी मोटार ऐटीत उभी होती.

"मिस्टर पेलिंग!" मेव्हिसने हाक मारली. "तुमच्या दारात तर एप्रिल आलाय!"

पेलिंग कॉफीचा मग घेऊन बाहेर आले. गावात नवे होते. वाईट माणूस नव्हते. त्यांनी एकचाकी हातगाडी भरभरून माझे मीठ नेले होते, आणि नेताना माझे झाकण अर्धवट उघडे टाकले होते, म्हणून तळाशी राहिलेले बर्फाच्या पाण्याने दगड झाले होते.

"पेटी रहिवाशांसाठीच आहे ना?" ते म्हणाले. "मीही कौन्सिलला कर भरतो."

"भरता हो. मग पोस्टाची गाडी तुमच्या अंगणातून जाते का?"

मेव्हिस आणखी बोलली असती, पण हिल्डा आजीने हात वर केला. ती कधी आवाज चढवत नसे. "मिस्टर पेलिंग," ती म्हणाली, "मला आज खाली जायचंय. सोमवारी गेले नाही. आज नाही गेले, तर शुक्रवारी जायची गरज उरेल की नाही ते देव जाणे."

पेलिंगनी कॉफीचा मग कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि ते आत गेले. हातगाडी ढकलत आले तेव्हा तीत मिठाची दोन गच्च पोती होती. पुढच्या बर्फासाठी लपवून ठेवलेली. नॉर्मन घरात जाऊन शेगडीतली राख दोन बादल्या भरून घेऊन आला. मेव्हिसने घसरत घसरत खाली जाऊन कोंबड्यांना घालायचा शिंपल्यांचा चुरा आणला. "चार दिवस पातळ कवचाची अंडी खा सगळे," ती म्हणाली. "मरत नाही कुणी."

सगळे साहित्य जमले. आणि सगळे थांबले. नॉर्मनची बादलीवरची पकड सुटेना. "पण पहिलं फावडं मारणार कोण?" तो पुटपुटला. "ज्याचा हात, त्याच्यावरच..." पेलिंगनीही पोत्याचे तोंड सोडले नाही. खाली बसथांब्यापाशी मोटारीचा भोंगा वाजला. तास संपत आला होता.

हिल्डा आजीने माझे झाकण पाठीमागे टेकवले. "सगळं पेटीत घाला," ती म्हणाली.

"पेटीत? मावशी, रस्त्यावर टाकायचंय ना?"

"आधी पेटीत. चांगलं कालवा. पेटीत गेलं की राख नॉर्मनची राहत नाही, चुरा मेव्हिसचा राहत नाही, मीठ मिस्टर पेलिंगचं राहत नाही. मग रस्त्यावर पडेल ते पेटीनं टाकलेलं. खटला भरायचा तर पेटीवर भरा."

मग मेव्हिस फिसकन हसली, नॉर्मन हसला, तोंडातून वाफा निघाल्या. "आणि पेटीला वकील कोण देणार?" त्याने विचारले.

"वकिलाचं माझ्याकडे लागलं," पेलिंग म्हणाले, आणि पहिल्यांदाच गावाबरोबर हसले.

मित्रांनो, त्या सकाळी माझ्या पोटात राख पडली, शिंपले पडले, माझेच मीठ मला परत मिळाले. फावड्याने ते सारे ढवळले तेव्हा माझ्या भिंतींना ओरखडे आले. ते अजून आहेत. कुणी विचारले तर मी दागिन्यासारखे दाखवते. माझ्यासारख्या किती पेट्या रस्त्यांवर उभ्या असतील! पण सगळ्या गावाच्या वतीने आरोपी व्हायचा मान त्यांतल्या कितीजणींना मिळाला असेल?

मग फावडी चालू झाली. आता कुणालाच भीती नव्हती, कारण टाकत मी होते. काचेवर करडी, खरखरीत वाट उमटत गेली, वळणापासून खालपर्यंत. पुढे नॉर्मन, उलटा चालत, हिल्डा आजीचे दोन्ही हात धरून. मागे पेलिंग, तिची पिशवी घेऊन. ती दर थोड्या पावलांनी थांबायची, श्वास घ्यायची, आणि चॅपलमधले एक भजन गुणगुणायची.

"मावशी, गाऊ नका, दम लागेल," नॉर्मन म्हणाला.

"तू पाठीमागे बघ. मी वर बघते."

तिचा पाय एकदाही घसरला नाही. बसथांब्यापाशी मोटारीचे दार उघडले, मिटले, आणि मोटार धुक्यात दिसेनाशी झाली. मी वाट बघत राहिले. वाट बघणे मला येते. पण इतकी लांबलचक दुपार मी पाहिलेली नाही.

दिवस मावळायच्या आत ती आली. पेलिंग खाली घ्यायला गेले होते. चेहरा थकलेला, पण श्वास सरळ. तिने काठी उचलली आणि थांबली. घाईगर्दीत माझे झाकण उघडेच राहिले होते. तिने ते लावले, वरचा बर्फ हाताने पुसला.

"रागावू नका, मिस्टर पेलिंग," ती म्हणाली, "पण वस्तू सगळ्यांची असली की झाकण कुणाचंच नसतं. आमच्या आईचा नियम होता. ज्याचा हात शेवटचा, झाकण त्याचं."

मग टक् टक्. "आले गं."

शुक्रवारी सकाळी माझ्या झाकणावर नॉर्मनने एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'या रस्त्यावर जे काही टाकले आहे ते मी टाकले आहे. कळावे, पेटी.' पोस्टवाली ते वाचून इतकी हसली की तिला माझ्यावर बसावे लागले. पुढच्या पावसात अक्षरे धुऊन गेली. पण चढावरच्या प्रत्येक घरात तेव्हापासून राखेची एक बादली राखून ठेवतात, आणि पहिला बर्फ पडला की ती आणून माझ्यात रिकामी करतात. आधी पेटीत, मग रस्त्यावर. खटल्याचे नाव आता कुणी काढत नाही. अजून तरी माझ्यावर कुणी भरलेला नाही.

हिल्डा आजीने आपले तीन वार पुढेही बरेच हिवाळे पाळले. मग एका मे महिन्यात, बर्फाचा मागमूस नसताना, ती आपल्या बिछान्यात शांतपणे गेली. त्या वर्षी तिच्या गुलाबांना फुले आली. माझ्या टक् टक्ला मात्र खंड पडला. ऑक्टोबरात ओटी भरली तरी मला रिते वाटले.

मागच्या हिवाळ्यात मिस्टर पेलिंगचे गुडघे गेले. आता तेही काठी घेऊन चालतात. पहिल्या बर्फाच्या सकाळी ते सावकाश उतरत आले. माझे झाकण कुणीतरी उघडे टाकले होते. त्यांनी ते लावले, बाहीने पुसले. इकडेतिकडे पाहिले, कुणी बघत नाही ना म्हणून. आणि काठीने दोनदा वाजवले.

मित्रांनो, मला फार काही नको. माझ्यातले मीठ घ्या, त्यासाठीच ते आहे. वळणावर टाका, शेजारच्या म्हातारीच्या पायरीवर टाका, उरले तर माघारी आणा. चिप्सचे कागद मात्र आपल्या खिशात ठेवा. आणि हात तुमचा शेवटचा असेल, तर झाकण लावून जा.

बाकी खटल्याचे मी बघते.